गावच्या शाळेतल्या मुलांना ऑर्केस्ट्रा कसा ऐकवायचा: माडाच्या पिपाणीपासून सुरुवात करा

मी सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोन शिक्षकी शाळा, पहिली ते पाचवी मिळून 23 मुलं. तीन वर्षांपूर्वी मुलांना पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं संगीत ऐकवायचं डोक्यात घेतलं तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं, जे काही वाचायला मिळायचं ते सगळं शहरातल्या शाळांसाठी, जिथं संगीताची वेगळी खोली असते, पियानो असतो, वेगळा शिक्षक असतो. मला भजनापुरती पेटी येते, नोटेशन वाचता येत नाही. तरी जमलं, पण पहिलं वर्ष फुकट गेलं कारण मी आधी ऐकवायचे आणि मग समजावत बसायचे, आणि मुलं खिडकीबाहेर बघायची. दुसऱ्या वर्षी क्रम उलटा केला, आधी मुलांनी स्वतः फुंकायचं, ताणायचं, बडवायचं, आणि मगच स्पीकर चालू करायचा. तेव्हापासून मुलं स्वतःहून "बाई, परत लावा" म्हणायला लागली. तोच क्रम खाली लिहिते, म्हणजे तुमचं तरी वर्ष वाचेल.

1. आधी 'ऑर्केस्ट्रा' शब्दाचा घोळ सोडवा

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे जत्रेत नाहीतर गणपतीत स्टेजवर होणारा गाण्यांचा कार्यक्रम. मी पालकसभेत "मुलांना ऑर्केस्ट्रा ऐकवणार" म्हटलं तर एका आईने लगेच विचारलं, गायिका कुठली येणार आणि वर्गणी किती. त्यात तिची काहीच चूक नाही, शब्द आपल्याकडे त्याच अर्थाने रुजलाय. म्हणून पालकांना पहिल्याच दिवशी सांगा की हा वाद्यवृंद आहे, 70 ते 100 माणसं एकत्र बसून वाजवतात, बहुतेक वेळा गाणारं कोणी नसतंच, आणि पुढे उभा असतो तो कंडक्टर स्वतः काही वाजवत नाही, सगळ्यांना एकत्र ठेवतो.

"हे आपलं नाही, परक्यांचं कशाला" असंही कोणीतरी म्हणतंच. त्यांना मी मैहरच्या सरोदवादक अल्लाउद्दीन खाँसाहेबांचं सांगते, त्यांनी अनाथ मुलांना घेऊन बँड उभा केला आणि बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचं नलतरंग नावाचं वाद्य बनवलं. आकाशवाणीचा वाद्यवृंद 1952 मध्ये दिल्लीत सुरू झाला तो रविशंकरांच्या हाताखाली. आणि आपल्या शेजारचंच सांगायचं तर जुन्या हिंदी सिनेमातली ती व्हायोलिनची मोठी मोठी लाट उभी करणारे कितीतरी लोक गोव्याचे, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते बांधून देणारे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा. प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवणारे हेच गोन्साल्विस. एवढं सांगितलं की आजी-आजोबासुद्धा कान टवकारतात.

2. सामान आणि कागद

सामान जवळजवळ सगळं गावातच मिळतं:

- माडाचं ताजं चुडत म्हणजे झावळी, भरपूर पाती असलेली
- बागेला पाणी लावायचा अर्धा इंची पाईप, एक तुकडा साधारण दीड मीटरचा आणि एक पावणेचार मीटरचा, सोबत दोन नरसाळी
- नारळाच्या करवंट्या, मासे गरवायची तंगूस जाड आणि बारीक दोन्ही, चार खिळे
- काचेच्या सारख्या आकाराच्या सहा बाटल्या
- पेटी, टाळ, आणि पखवाज मिळाला तर सोनं
- चांगला स्पीकर, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय
- पेनड्राइव्ह, त्यात सगळी रेकॉर्डिंग आधीच भरून. रेंजवर विसंबू नका, ऐन वेळी गोल गोल फिरत बसतं आणि मुलांचा धीर संपतो

कागदाचं म्हणाल तर वर्गात करायचं असेल तेव्हा मुख्याध्यापकांना सांगणं आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत एक ओळ नोंदवून घेणं पुरतं. आनंददायी शनिवारात हा उपक्रम छान बसतो. बाहेरचा वादक बोलावणार असाल तर त्याचं नाव आणि तारीख आधी लेखी द्या, मुलांचे फोटो काढणार असाल तर पालकांची संमती घ्या. रेकॉर्डिंग वाजवायला परवानगी लागते का असं मला खूप जण विचारतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 मध्ये शाळेच्या उपक्रमात फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढ्यांसमोर वाजवायला सूट आहे. गावजत्रेत तिकीट लावून वाजवलंत तर मात्र ती सूट लागू नाही.

3. महिना बघून सुरू करा

पावसाळ्यात नको. आमच्या शाळेला पत्रे आहेत, जुलैत पाऊस लागला की मी स्वतः काय बोलतेय ते मला ऐकू येत नाही, तिथं बासरीचा हळू सूर कोणाच्या कानात जाणार. त्यात लाईटचा भरवसा नाही. दिवाळीची सुट्टी संपली की सुरू करा, फेब्रुवारीपर्यंत करा, शनिवारी सकाळी पहिला तास, तेव्हा रस्त्यावर गाड्या कमी असतात आणि मुलं ताजी असतात.

4. पहिले दोन शनिवार स्पीकर पिशवीतच

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात मजेचा, याला वेळ द्या, उरकू नका.

सुरुवात फक्त ऐकण्याने. मुलांना शाळेमागे माडांत नेऊन दोन मिनिटं डोळे मिटून बसवा आणि नंतर ऐकलेले आवाज फळ्यावर लिहा. आमच्या पहिल्या यादीत होतं, चुडतांची सळसळ, भारद्वाज, लांबची लाँच, कोणीतरी नारळ सोलतंय, आणि तिसरीतल्या एका मुलीने सांगितलं "विहिरीचा रहाट, पण दोन आवाजांचा, खाली जाताना वेगळा आणि वर येताना वेगळा." असा कान असलेल्या मुलांना संगीतातलं काही कळणार नाही असं आपण कसं काय धरून चालतो?

मग वाद्यांची चार घराणी, एकेक हाताने करून.

पिपाणी. माडाच्या पातीची हीर, म्हणजे मधली कडक काडी, काढून टाका, पात तिरकी गुंडाळत जा, एक टोक अरुंद आणि दुसरं पसरट, शेवटी हिरीचाच तुकडा टोचून बंद करा. अरुंद टोकाला पातीचाच छोटा तुकडा दुमडून बसवायचा आणि चिमटीत हलकं दाबायचं, म्हणजे दोन पाती एकमेकींवर थरथरतात. हे तुम्हाला येत नसेल तर चौथीतल्या मुलांना विचारा, त्यांना येतं. ती वाजली की सांगा, सनईची पत्ती अशीच, आणि ऑर्केस्ट्रातला ओबो आणि बासून ही वाद्यंही याच तत्त्वावर, दोन पात्यांची. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी सगळा ऑर्केस्ट्रा ज्या एका सुराला आपापलं वाद्य लावून घेतो तो सूर हा ओबोच देतो. आमच्याकडे पेटीवाल्याचं जे काम ते तिथं याचं. क्लॅरिनेटला मात्र एकच पाती असते आणि बासरीला पाती नसतेच, नुसती कडेवर फुंक. ही सगळी लाकडी फुंकवाद्यांच्या घरातली, आणि इथं मुलं हमखास अडतात कारण आजची ऑर्केस्ट्रातली बासरी धातूची असते. त्यांना सांगा, पूर्वी ती लाकडाची होती आणि आवाज तयार होण्याची पद्धत बदलली नाही म्हणून घरही बदललं नाही. सॅक्सोफोन पितळेचा असूनही याच घरातला, कारण त्याला पाती आहे.

पाईप. पितळी वाद्यांत पाती नसते, थरथरतात ते वाजवणाऱ्याचे ओठ. शंख कसा वाजतो ते मुलांना माहीत असतंच. पण पूजेतला शंख मागू नका, आमच्याकडे त्यावरून एका घरात वाईट वाटलं आणि ते बरोबरच होतं. त्यापेक्षा पाईप घ्या. एका टोकाला नरसाळं बसवा, दुसरं ओठांना लावा, आणि लहान पोरं गाडी गाडी खेळताना ओठांनी भुर्रर्र करतात तसं करायला सांगा. पहिली पाच मिनिटं नुसती हवा जाते, मग एकदम हंबरल्यासारखा आवाज येतो आणि सगळा वर्ग उड्या मारतो. आता दोन्ही पाईप वाजवून बघा. दीड मीटरचा म्हणजे ट्रम्पेटच्या नळीएवढा, पावणेचार मीटरचा म्हणजे फ्रेंच हॉर्नच्या नळीएवढा, हॉर्नमध्ये ती गुंडाळलेली असते म्हणून दिसत नाही. लांब नळीचा आवाज खाली जातो हे न सांगता कळतं. एका मुलाने वाजवला की टोक साबणाने धुऊन मगच दुसऱ्याला, हे अगदी पहिल्यापासून कडक ठेवा, सर्दी फिरायला वेळ लागत नाही.

तंगूस. बाकाला दोन खिळे ठोका, तंगूस ताणून बांधा, छेडा. आवाज जेमतेम येतो. आता तारेखाली करवंटी पालथी सरकवा, आणि बघा. व्हायोलिनचं पोट कशासाठी असतं हे चित्र दाखवून कधीच कळत नाही, इथं एका सेकंदात कळतं. जाड तंगूस, बारीक तंगूस, ताणलेली, सैल, मध्ये बोट दाबून आखूड केलेली, सगळं मुलांना स्वतः शोधू द्या. व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बेस ही चार भावंडं, जेवढं पोट मोठं तेवढा आवाज खाली. मोठ्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनच तीसच्या आसपास असतात, कारण एकट्या व्हायोलिनचा आवाज पितळेच्या समोर टिकत नाही.

तालवाद्यं. इथं काही शिकवावं लागत नाही, शिमग्याचा ढोल ज्याने ऐकलाय त्याला काय सांगणार. फक्त टिंपनीचं, म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या नगाऱ्यांचं, सांगा. पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावून आवाज खाली आणतात तसा टिंपनीचा सूर पायाने पॅडल दाबून कातडं ताणून बदलतात, वाजवता वाजवता.

बाटल्यांचा एक सापळा आहे तो लक्षात ठेवा. सहा बाटल्यांत कमी-जास्त पाणी घालून चमच्याने वाजवलं तर जास्त पाण्याची बाटली खालचा सूर देते. त्याच बाटल्यांच्या तोंडावर फुंकलं तर उलट, जास्त पाण्याची बाटली वरचा सूर देते. पहिल्यात काच आणि पाणी थरथरतं, दुसऱ्यात उरलेली हवा. मी दोन्ही एकाच दिवशी केलं आणि मुलांचा इतका गोंधळ झाला की पुढचा तास त्यातच गेला. वेगवेगळ्या शनिवारी करा.

5. स्पीकर, आणि न सापडलेला हत्ती

फ्रेंच संगीतकार सेंट-सान्स यांची प्राण्यांवरची एक मालिका आहे, त्यातला हत्ती डबल बेसवर वाजतो. मी तो फोनवरून लावला, फोन टेबलावर, मुलं भोवती. सगळं संपल्यावर दुसरीतला एक जण हळूच म्हणाला, "बाई, हत्ती खंय आसा?" त्याला हत्ती ऐकूच आला नव्हता, नुसता पियानो ऐकू आला होता. डबल बेसची सगळ्यात खालची तार साधारण 41 हर्ट्झला बोलते आणि फोनचा इवलासा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. मुलाचा कान बरोबर होता, माझं साधन चुकीचं होतं.

म्हणून स्पीकर मोठा घ्या. विकत घ्यायची गरज नाही, भजनी मंडळाकडे किंवा गणेशोत्सव मंडळाकडे असतो आणि कामाचं सांगितलं की देतात. पण लावायच्या आधी मिक्सरवरचा इको पूर्ण शून्यावर आणा आणि बेसचं बटण मध्यावर ठेवा, नाहीतर सगळी वाद्यं विहिरीत पडल्यासारखी वाजतात. आवाज फार मोठा नको, मुलांना जरा कान द्यावा लागेल इतकाच. आणि आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावर स्वतः बसून ऐका.

6. पहिली रचना: लांडगा, बदक आणि पीटर

पहिल्यांदा ऐकवायला रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हची 'पीटर अँड द वुल्फ' घ्या, मी बाकी चार-पाच करून बघितल्या आणि परत इथंच आले. 1936 मध्ये मॉस्कोत मुलांच्या नाटकघरासाठी लिहिलेली आहे. प्रत्येक पात्राला स्वतःचं वाद्य: पक्षी बासरी, बदक ओबो, मांजर क्लॅरिनेट, आजोबा बासून, लांडगा तीन फ्रेंच हॉर्न, पीटर म्हणजे सगळी तंतुवाद्यं, आणि शिकाऱ्यांच्या बंदुका टिंपनी आणि मोठा ड्रम.

मी करते ते असं. गोष्ट न सांगता, नाव न सांगता प्रत्येक पात्राची धून वीस सेकंद लावायची आणि विचारायचं, हे कोण असेल, मोठं का लहान, उडणारं का चालणारं. ओबो लागला की कोणी ना कोणी "पिपाणी!" म्हणून ओरडतंच, कारण ती त्याने स्वतः फुंकलेली असते. हॉर्न लागले की पाईपकडे बोट जातं. मग गोष्ट सांगा, मग संगीत.

बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये गोष्ट इंग्रजीत सांगतात. ती तशीच ऐकवलीत तर मुलं संगीत सोडून न कळणारे शब्द पकडायला जातात. म्हणून मी मराठीत, आणि मध्येच मालवणीत, वाक्यं लिहून काढली आणि निवेदन आलं की ते उडवून स्वतः बोलायचे. एका मोठ्या मुलाला बटणावर बसवा, आपण एकट्याने दोन्ही होत नाही. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आतबाहेर होतं, पण पहिलीच्या मुलांना ते एका दमात नको, तीन तुकडे करा. आणि या गोष्टीचं कार्टून आधी दाखवू नका. मी एका वर्षी दाखवलं आणि नंतर मुलांना विचारलं तर सगळं चित्रातलं आठवत होतं, वाद्य एकही नाही.

काही जण म्हणाले लांडगा इथं कुठे, बिबट्या करा. मी लांडगाच ठेवला. मुलांना परकी गोष्ट चालते, उलट आवडते. एक मात्र तयारीत ठेवा, शेवटी लांडग्याने गिळलेल्या बदकाचा त्याच्या पोटातून आवाज येतो, ओबो एकदम हळू. आमच्याकडे एक मुलगी रडली. मी काही समजावलं नाही, तो तुकडा परत लावला आणि ती सगळ्यात पुढे येऊन बसली.

7. त्यानंतर काय

सेंट-सान्सची ती प्राण्यांची मालिका, 1886 ची, 14 छोटे छोटे भाग, म्हणून रोज परिपाठात एक लावता येतो. हत्ती तर झालाच, आता मोठ्या स्पीकरवर. हंस चेलोवर आहे. जंगलातली कुकू क्लॅरिनेटवर, दोनच सूर, वरचा मग खालचा, आणि आमच्या मुलांनी लगेच सांगितलं की आपली कोकिळा अशी नाही करत, ती वर वर चढत जाते. खुद्द संगीतकाराने आपण असेपर्यंत यातला हंस सोडून काहीच छापू दिलं नव्हतं, सगळं 1922 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं.

पाचवीच्या पुढच्या मुलांना इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांची 'यंग पर्सन्स गाइड टु द ऑर्केस्ट्रा'. साधारण 17 मिनिटं. आधी सगळे मिळून धून, मग एकेक घराणं, मग एकेक वाद्य, आणि शेवटी सगळी वाद्यं एकामागून एक आत शिरतात, सगळ्यात आधी पिकोलो ही चिमुकली बासरी. ओळखण्याच्या खेळाला याच्याइतकं चांगलं काही नाही. लहानांना मात्र जड जातं, गोष्ट नाही ना त्यात.

8. खरं वाद्य समोर आणा

रेकॉर्डिंग कितीही चांगलं असलं तरी क्लॅरिनेटवाला समोर श्वास घेतो तो दिसला पाहिजे. लांब जायला नको, लग्नातल्या बँड पार्टीत क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम सगळं असतं. तुळशीचं लग्न लागलं की ते लोक सापडत नाहीत, म्हणून त्याआधीच्या रिकाम्या दिवसांतच त्यांना गाठून तारीख ठरवून ठेवा. व्हायोलिनसाठी वेंगुर्ला, मालवण, सावंतवाडी भागातल्या चर्चमध्ये विचारा, क्वायरबरोबर वाजवणारं कोणीतरी असतं. जिल्हा पोलीस मुख्यालयात बँड आहे का तीही चौकशी करा. आणि कोणालाही फुकट बोलवू नका. त्यांचं ते पोट आहे. समितीतून, नाहीतर चार पालकांनी मिळून, मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च द्याच.

सनईवाला आणि क्लॅरिनेटवाला एकाच दिवशी आले तर फारच छान, दोघांना आपापली पत्ती काढून मुलांना दाखवायला सांगा. व्हायोलिन ज्या काठीने घासून वाजवतात तिला 'बो' म्हणतात, तिचे केस घोड्याच्या शेपटीचे असतात, त्यांना राळ घासतात तेव्हाच ते तारेला पकडतात. केसांना बोट लावू द्यायचं नाही, हाताचं तेल लागलं की पकड जाते, हे वादकाला सांगायला लाजायला होतं म्हणून आपणच मुलांना आधी सांगून ठेवा.

9. मुलांचा वाद्यवृंद

पिपाण्या एका बाजूला, पाईप मागे, करवंटी-तंगूस पुढे, ताल सगळ्यात मागे. एक मूल कंडक्टर. हात वर गेला की मोठं, खाली आला की हळू, मूठ मिटली की बंद. आमची पहिली रचना होती पाऊस: एक बोट बाकावर, मग दोन, मग तंगूस, मग पाईपचा वारा, मग ढोल, आणि मग तसंच उलट उतरत एका बोटावर. सगळ्यात अवघड जातं ते आपली पाळी येईपर्यंत थांबणं. ढोलवाल्या मुलाला बोटांवर मोजत बसायला शिकवा, टिंपनीवालेही तसेच मोजत बसलेले असतात. कंडक्टर दर वेळी बदला आणि जे मूल वर्गात अजिबात बोलत नाही त्याला एकदा तरी उभं कराच.

10. परीक्षा नको, प्रश्न मात्र विचारा

"आवडलं का" विचारलं तर सगळे "हो बाई" म्हणतात. त्यापेक्षा विचारा, आवाज कुठे बदलला, कोण आधी थांबलं, शेवटी कोण उरलं. उत्तर चुकलं तर तुकडा परत लावा, बरोबर आलं तरी परत लावा.

11. सहल, जमली तर

मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यांचे मुख्य कार्यक्रम साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरात असतात. सप्टेंबर आपल्याला गणपतीमुळे जमत नाही, म्हणजे फेब्रुवारी. सावंतवाडी-कुडाळकडच्या शाळांना पणजी जवळ, तिथं कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, आधी पत्र पाठवून विचारा. सहलीला शिक्षण विभागाची परवानगी, प्रत्येक पालकाचं संमतीपत्र आणि प्रथमोपचार पेटी लागते, अर्ज महिनाभर आधी टाका. आमचा यंदाचा अर्ज गेलाय, मुलं रोज विचारतात.